साकीच्या चालीतलं तिसरं प्रकरण

तिसऱ्या प्रकरणातलं पहिलं वाक्य कानात वाजलं आणि सुनीती शिरढोणकरला हायसं वाटलं. हे प्रकरण तर तिला झोपेतसुद्धा म्हणता आलं असतं. डोक्यावर घट्ट बसवलेल्या जाळीच्या टोपीचे गार ठिपके कपाळाला टोचत होते, समोर नुसती पांढरी भिंत होती, आणि कानात एक निर्विकार आवाज तिचाच प्रबंध तिला वाचून दाखवत होता. ‘जिथे पूर्वी ओढे वाहत होते, त्या पट्ट्यांत क्षार प्रथम वर येतात.’ वाक्य संपायच्या आत सुनीतीच्या मनात पुढचं वाक्य हजर झालं, त्यापाठोपाठ त्याच्या पुढचं. नकळत तिच्या पायाच्या अंगठ्याने ताल धरला. आपलं छान चाललंय, असं तिला वाटत होतं.

काचेपलीकडे तिच्या मार्गदर्शक डॉ. सुलोचना मगदूम बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि त्या पडद्याकडे बघतच राहिल्या.

आता हे यंत्र काय होतं, ते आधी सांगायला हवं. मधल्या काही वर्षांत प्रबंध लिहून देणारे संगणक इतके तरबेज झाले होते की डॉक्टरेटला कोणी विचारीना. भाषा चोख, संदर्भ चोख, मांडणी चोख. आणि मुखपृष्ठावर ज्याचं नाव, त्याला आत काय आहे याचा पत्ता नाही. तेव्हा मेंदूच्या अभ्यासकांना सापडलेली एक गोष्ट विद्यापीठांनी उचलली. माणूस स्वतः झगडून एखादा विचार घडवतो, तेव्हा तो विचार एकटा येत नाही. ‘असं असेल का? छे, मग तसं असेल’ अशा चुकलेल्या वाटा, खोडलेले शब्द, सोडून दिलेल्या कल्पना, सगळी भावकी त्याच्या पाठीशी उभी असते. पुढे कधीही ते वाक्य कानावर पडलं की त्या मोडून टाकलेल्या फांद्या मेंदूत क्षणभर थरथरतात. दुसऱ्याकडून आयत्या मिळालेल्या वाक्याला अशा फांद्याच नसतात. ते सरळसोट, गुळगुळीत, वाटेत कुठेही न अडखळता निघून जातं. ही थरथर मोजायची, एवढंच ते यंत्र करी. त्याला सगळे साक्षीयंत्र म्हणत. तोंडी परीक्षेआधी त्याची साक्ष झाल्याशिवाय प्रबंध पुढे सरकत नसे.

यंत्राला सोपं जावं म्हणून प्रबंधाचा साचाही ठरवून दिलेला होता. पाच प्रकरणं. प्रत्येक परिच्छेदात आधी विधान, मग आधार, मग मर्यादा. विधान एकाच वाक्याचं. आधाराला क्रमांक. मर्यादा ‘मात्र’ या शब्दाने सुरू झालीच पाहिजे. बांधणीसाठी डावीकडे दीड इंच समास, आणि वरून काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं. तेवढा जुन्या काळाचा रिवाज कोणी मोडला नव्हता. विधान, आधार, मात्र. विधान, आधार, मात्र. सबंध प्रबंध एकाच ठेक्यात चाले. त्या ठेक्यानेच घात केला, पण ते सुनीतीला अजून कळायचं होतं.

टोपी काढून ती बाहेर आली तेव्हा पडद्यावर निकाल होता. पहिलं प्रकरण, म्हणजे नुसती प्रस्तावना, आणि दुसरं, म्हणजे आधीच्या संशोधकांच्या कामाचा आढावा, या दोन्हींपुढे ‘परकं’ लिहिलं होतं. ती परकीच असायची. पण तिसऱ्यापुढे, चौथ्यापुढे आणि पाचव्यापुढेही तोच शब्द होता.

“मॅडम, काहीतरी चुकलंय.”

मगदूम मॅडमनी तिला हाताला धरून व्हरांड्यात आणलं. “मी शिरोळच्या रानात तुझ्याबरोबर उन्हातान्हात हिंडले आहे, सुनीती. ते ओढे तू शोधलेस, ह्याला मी साक्षी आहे. पण माझी साक्ष कोण विचारतंय आता? रेघ बघितलीस तू? सपाट. एक फांदी हलली नाही. काय केलंस तू असं?”

“काही नाही. तयारी केली.”

“कसली?”

“पाठ केलं.”

“काय पाठ केलंस?”

“प्रबंध.”

“प्रबंध म्हणजे? मुद्दे?”

“सगळा, मॅडम. संदर्भसूचीसकट.”

मॅडमनी चष्मा काढून हातात धरला. मग म्हणाल्या, “संदर्भसूची कोण पाठ करतं गं?”

“आमच्याकडे करतात,” सुनीती म्हणाली, आणि तिला एकदम रडू फुटलं.

नियम मॅडमना तोंडपाठ होते. साक्ष आणखी एकदाच घेता येते. ती याच मजकुराची, याच मांडणीत. प्रकरणांची फिरवाफिरव केली, वाक्यं बदलली, तर तो नवा प्रबंध धरला जातो आणि त्याला नवी नोंदणी लागते. सुनीतीच्या नोंदणीच्या सगळ्या मुदतवाढी संपल्या होत्या. दुसऱ्यांदा ‘परकं’ आलं तर शिक्का कायमचा. कृषी महाविद्यालयातली हंगामी नोकरी जाईल, ते वेगळंच. पण ज्या ओढ्यांच्या बुजलेल्या पात्रांवरून चालत तिने ऐन तारुण्य घालवलं, तो शोध तिने कुठून तरी उचलला, असं जन्मभर तिच्या नावापुढे लिहिलेलं राहील.

“विसरता येईल का तुला?” मॅडमनी विचारलं.

सुनीतीने मान हलवली. तिला विसरायचं शिक्षणच नव्हतं.

तिचे वडील गुरुनाथबुवा शिरढोणकर म्हणजे कुरुंदवाडच्या पंचक्रोशीतले नामांकित कीर्तनकार. नमनाचा पहिला स्वर लागला की मांडीवरचं पोरही रडायचं थांबे, असा गळा. सुनीती परकरात होती तेव्हापासून झांज घेऊन त्यांच्या मागे उभी राहिली, ती अजून तशीच उभी होती. फरक एवढाच, की आता त्यांना तिची गरज होती. अलीकडे बुवांना ओळी सापडेनाशा झाल्या होत्या. आख्यान रंगात यावं, श्रोते पुढे सरकून बसावेत, आणि पुढच्या ओळीच्या जागी बुवांना नुसतं पांढरं दिसावं. अशा वेळी ते मागे वळत नसत. उपरण्याचं टोक जरासं हलवत. सुनीती मागून हलकेच ओळ सोडी, ते ती उचलून असे काही गात, की थांबणं हाही रंगाचाच भाग वाटावा. एकदा एका भक्ताने कानात घालायचं सूचक यंत्र आणून दिलं होतं. त्याने शब्द अचूक दिले, पण श्वास सोडायच्या जागी दिले. बुवा कीर्तनात उभ्या उभ्या घाबरले. यंत्र परत गेलं.

त्यांचं घर इतर नव्या घरांसारखं उंच खांबांवर होतं, पुराचं पाणी खालून जावं म्हणून. सुनीती जिना चढून वर आली तेव्हा तिचे अण्णा, म्हणजे बुवा, खुर्चीत बसून झांजांच्या दोऱ्या बदलत होते.

“दिली का पदवी?”

“नाही, अण्णा.”

“चहा तरी दिला का?”

ती हसली नाही, तेव्हा त्यांनी झांज खाली ठेवली. तिने सगळं सांगितलं. ते मन लावून ऐकत राहिले, जसं एखाद्या जुन्या श्रोत्याचं गाऱ्हाणं ऐकावं.

“म्हणजे पाठ झालं म्हणून नापास?”

“पाठ झालं म्हणून परकं.”

“आमच्यात तर उलटं. कंठात उतरेपर्यंत आपलं नव्हे.” ते थोडं हसले आणि मग त्यांचं हसू मावळलं. “चाल पण मीच दिली ना तुला?”

दिली होती. तोंडी परीक्षेत आपली वाचा बसेल, ही सुनीतीची लहानपणापासूनची भीती. अण्णा म्हणाले होते, त्यात काय, चालीला बांध, जन्मात विसरणार नाहीस. मग रोज सकाळी पूजा आटोपली की ते समोर बसत. पहिलं प्रकरण ओवीला. दुसरं कटावाला, म्हणजे यादी भराभर म्हणत जायच्या चालीला, कारण त्यात नावं फार. आणि तिसरं, चौथं, पाचवं, म्हणजे सगळा शोध आणि निष्कर्ष, साकीला. साकी म्हणजे आख्यानात कथेला दुडक्या चालीने पुढे नेणारी रचना. विधान, आधार, मात्र यांचा ठेका साकीत असा बसला की दोघं बापलेक खूश झाले. अण्णा झांजेवर हलकी थाप देत आणि सुनीती मातीच्या क्षारांचं प्रमाण गात सुटे.

“माझं चुकलं, पोरी,” अण्णा म्हणाले. “पदं पाठ करायची असतात. निरूपण पाठ करायचं नसतं. निरूपण समोरच्या माणसांकडे बघून तिथल्या तिथे उगवावं लागतं. पाठ केलेलं निरूपण करणारा बुवा मला कधी सहन झाला नाही. पण तू ते पुस्तक आणून माझ्या हातात दिलंस. काळी बांधणी, वर सोन्याची अक्षरं, तुझं नाव. मी ते कपाळाला लावलं. मला वाटलं ग्रंथ आहे. ग्रंथ पाठच करायचा, एवढंच मला ठाऊक. ते तुझं निरूपण होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.”

पुढचे दिवस सुनीतीने विसरण्याची धडपड करण्यात घालवले. पानं उलटीकडून वाचून पाहिली. वाक्यं शेवटाकडून म्हणून पाहिली. ती आतल्या आत सुलटी होऊन साकीतच वाजत. प्रबंध कपाटात कुलूपबंद केला, तर मिक्सर चालू केला की त्याच्या घरघरीतून चौथं प्रकरण सुरू होई. एसटीच्या खिडकीची काच खडखडली तरी ‘मात्र’. देवापुढे डोळे मिटून नाम घ्यायला बसावं, तर तिसऱ्या नामाला पहिलं विधान येऊन उभं. जेवढं विसरायला जावं तेवढी एक आवृत्ती आणखी होई. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ती वाक्यं आता तिलाही परकी वाटू लागली होती. आपण खरंच हे शोधलं होतं का? शेतात उभं राहून सुचलं तो क्षण तिने आठवून पाहिला. तिथे शेत नव्हतं. नुसता ठेका होता.

“यंत्र खोटं बोलत नाहीये, अण्णा,” एका दुपारी ती म्हणाली. “आता ते माझं राहिलंच नाहीये.”

अण्णांनी तेव्हाच चप्पल घातली. “ऊठ. मिरजेला जाऊ.”

मिरजेत डॉ. शकील मुजावर यांचं स्मृतिरोगांचं छोटंसं रुग्णालय होतं. महापुरात माणसं गमावलेले, अपघात डोळ्यांनी पाहिलेले लोक तिथे येत. डॉक्टर वयस्क होते, गाण्याचे षौकीन होते, आणि त्यांनी बुवांना पाहताच उठून नमस्कार केला.

“गणपतीत तुमचं कीर्तन ऐकलंय, बुवा. बसा. ताई, तुम्ही पण.”

त्यांनी सुनीतीला शांतपणे समजावलं. आठवण ही दगडात कोरलेली नसते. ती काढली की दर वेळी थोडी ओली होते, कच्च्या मडक्यासारखी, आणि मग पुन्हा वाळते. वाळण्यासाठी मेंदूला काही द्रव्यं नव्याने तयार करावी लागतात. त्यांच्याकडची गोळी ती द्रव्यं काही तासांपुरती अडवते. गोळी घेऊन माणसाने नकोशी आठवण म्हणायची, आणि म्हणत असताना ती कोणीतरी मोडायची. मोडलेली आठवण पुन्हा नीट वाळत नाही. “तुमच्या बाबतीत वर पाठांतराचा थर आहे. तो गेला तर खालचा विचार सापडावा. फांद्या तिथेच असणार, फक्त दिसत नाहीत.”

“सापडावा म्हणजे सापडेलच?”

“आशा आहे, ताई.”

मग त्यांनी तिच्या डोक्यावर तशीच जाळीची टोपी घालून तपासणी केली, आलेख पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. “हे एकाच लयीला घट्ट बांधलेलं आहे. ह्याच लयीला आणखी काय काय बांधलंय तुम्ही?”

सुनीतीने अण्णांकडे पाहिलं नाही. “नावाड्याचं आख्यान. आमच्या आजोबांनी रचलेलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत साकीत आहे.”

“मग ते सैल होऊ शकतं.”

“होईल?”

“मी ‘होऊ शकतं’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा होतं.”

“पुन्हा पाठ करता येईल?”

“शब्द येतील. पण लहानपणी जे बसलं ते तसंच पुन्हा बसायला...” डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं नाही. त्यांनी बुवांच्या हाताकडे पाहिलं. तो हात उपरण्याचं टोक चाळवत होता.

परतीच्या गाडीत सुनीती खिडकीकडे तोंड करून बसली. “मी घेणार नाही ती गोळी.”

“का?”

“तुम्हाला माहिती आहे का.”

“मला येतं आख्यान सगळं.”

“अण्णा.”

“बरं, येत नाही. लिहून ठेवलंय कपाटात. आवाज भरून ठेवलाय तुझ्या त्या डबीत.”

“कपाट घेऊन उभे राहणार आहात कीर्तनाला? मागून ओळ कोण देणार?”

अण्णा गाडीच्या छताकडे बघत बसले. पुलावर गाडी आली, खाली कृष्णा संथ वाहत होती, आणि त्यांनी सवयीने हात जोडले. हात तसेच ठेवून ते म्हणाले, “हे बघ. आख्यान देवाचं आहे. माझ्या बापाने रचलं असेल, मी गायलं असेल, पण आहे ते त्याचं. त्याचं तो सांभाळून घेईल. प्रबंध तुझा आहे. तो कोण सांभाळणार?”

“आणि तुम्ही?”

“मीही त्याचाच की.”

“हे निरूपण झालं, अण्णा. मला खरं सांगा.”

बुवांनी जोडलेले हात सोडले. कुरुंदवाड जवळ आलं तेव्हा म्हणाले, “खरं सांगू? मला भीती वाटते. पण परक्याची चीज चोरणारी म्हणून तुला कोणी बघितलेलं मी बघू शकणार नाही. तेवढं बळ नाही माझ्यात. ह्यात माझाच स्वार्थ आहे, असं समज.”

ती रात्रभर जागी राहिली नाही, रडलीही नाही. सकाळी देवापुढे दिवा लावून तिने एकदा, फक्त एकदाच, नावाड्याचं आख्यान मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. देवाने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मग तिने डॉक्टरांना फोन लावला.

मोडायचं काम कोण करणार, हा प्रश्न होता. यंत्रही करू शकतं, डॉक्टर म्हणाले. पण लय ज्यांनी बांधली त्यांनी मोडली तर घाव नेमका बसतो. अण्णांना हे ऐकू आलं असावं, कारण ते मिरजेला झांजा घेऊनच आले होते.

मिरजेच्या त्या खोलीत सकाळचं ऊन जमिनीवर पडलं होतं. सुनीतीने गोळी घेतली, जाळीची टोपी चढवली, ती वाट बघत बसली, आणि डॉक्टरांनी खूण केल्यावर तिने तिसरं प्रकरण सुरू केलं. समोर अण्णा, हातात झांज. त्यांनी मधेच, अवेळी, ताल सोडून थाप मारायची होती. पहिल्या वाक्याला त्यांचा हात समेवर पडला. अगदी बरोबर समेवर.

“बुवा, बेताल,” डॉक्टर हळूच म्हणाले.

“कळतंय हो. हात ऐकत नाही.”

दुसऱ्या वाक्यालाही हात समेवरच पडला. उभ्या आयुष्यात त्या हाताने चुकीच्या जागी आवाज केला नव्हता. तिसऱ्या वाक्याला अण्णांनी तोंड फिरवलं, भिंतीकडे पाहिलं, जणू समोर आपली मुलगी नाहीच, आणि झांज आपटली. आवाज कर्कश होता. सुनीती दचकून थांबली.

“पुढे म्हण,” ते भिंतीला म्हणाले.

ती म्हणू लागली. झांज आपटली. तिने पुन्हा पहिल्यापासून धरलं. झांज आता दर शब्दाला वेगळ्याच ठिकाणी कोसळत होती, मधे बराच वेळ गप्प राहून एकदम, मग लागोपाठ, मग पुन्हा नाही. विधान आधाराच्या अंगावर पडू लागलं. ‘मात्र’ कुठे येतं ते तिला आठवेना. ‘क्षार प्रथम त्या’... कोणत्या? पट्ट्या कसल्या? तिने डोळे घट्ट मिटले, आणि मग ते वाक्य साफ मोडलं, आणि त्याच्या आतून रान बाहेर आलं.

ती उभी होती उसाच्या कापलेल्या फडात, ढेकळं पायाला बोचत होती. जमिनीवर पांढरी साय धरली होती. तिने चिमूटभर उचलून जिभेला लावली होती, खारट, कडसर. कालव्याची गळती, तिला प्रथम वाटलं होतं, आणि महिनोन्महिने ती त्या चुकीच्या समजापायी कालव्याच्या काठाने हिंडली होती. मग खतं, असं वाटलं. मग बोअरचं पाणी. तेही नव्हे. आणि मग एका बांधावर बसून पाणी पिताना तिला दिसलं होतं, की ही पांढरी रेघ वळत जाते. माणसाने केलेली गोष्ट अशी वळत नाही. असं पाणीच वळतं. इथे ओढा होता.

“इथे ओढा होता,” ती मोठ्याने म्हणाली, आणि डोळे उघडले.

डॉक्टर पडद्याकडे बघत होते. रेघेवर बारीक बारीक काटे उभे राहत होते. “आल्या,” ते म्हणाले. “फांद्या आल्या, ताई.”

अण्णा अजून भिंतीकडेच तोंड करून बसले होते. झांज त्यांनी मांडीवर पालथी घातली होती. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “आणखी दोन प्रकरणं राहिलीत ना? चला. हात आता सरावलाय.”

त्यानंतर घरात साकी कोणी काढली नाही. सुनीती स्वयंपाक करताना गुणगुणत नसे. अण्णा सकाळी दुसऱ्याच चालीची पदं घोळवत. ती स्वतःला तपासून बघू शकली असती, एक ओळ मनात आणायचा अवकाश होता. पण साक्ष होईपर्यंत तिकडे जायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. साक्षीचं निमित्त होतं. खरं तर तिला धीर नव्हता. अण्णांनीही विचारलं नाही. जेवताना दोघं एकमेकांना फार आग्रह करत.

दुसऱ्या साक्षीच्या वेळी तिने पायाचा अंगठा घट्ट जमिनीला टेकून ठेवला होता. त्याची गरज पडली नाही. कानातला निर्विकार आवाज वाचत होता आणि प्रत्येक वाक्य तिला अडवत होतं. हे मी असं का लिहिलं? इथे दुसरा शब्द होता, तो का काढला? ह्या आकड्याबद्दल मॅडमशी भांडण झालं होतं. ह्या विहिरीवरच्या म्हातारीने ताक दिलं होतं. कितीतरी ठिकाणी तिला वाटलं, हे आणखी नीट सांगता आलं असतं. संपलं तेव्हा ती दमून गेली होती, जशी रानातून येऊन दमत असे.

मगदूम मॅडम दारातच उभ्या होत्या. त्यांनी नुसतं पडद्याकडे बोट दाखवलं. तिसरं, चौथं, पाचवं. तिन्हीपुढे ‘स्वतःचं’ लिहिलं होतं.

“घे बाई,” त्या शेवटी म्हणाल्या. “तुझं तुला मिळालं. आता बुवांना कळव आधी. ते पाणीसुद्धा प्यायले नसतील.”

सुनीती व्हरांड्याच्या टोकाला गेली. फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला.

“झालं, अण्णा.”

“झालं?”

“माझंच आहे म्हणाले.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग घसा साफ केल्याचा आवाज. आनंद झाला की अण्णांना बोलता येत नसे, ते गात. आणि त्यांना गायला सुचलं तेही तेच सुचलं.

“पैलतिराहुन हाक येतसे, नावाड्या रे यावे...”

ते थांबले. दुसरी ओळ सुनीतीने घ्यायची, ही पहिल्यापासूनची रीत. ती तोंड उघडून उभी राहिली. ओळीच्या जागी काही नव्हतं. हात घालावा आणि कोनाडा रिकामा लागावा, तसं. तिने आणखी आत चाचपडून पाहिलं. चाल होती, अंधुक, कुठल्या तरी दुसऱ्या घरातून ऐकू यावी तशी; शब्द नव्हते.

“सुनीती?”

“अण्णा, मला...”

“असू दे, असू दे. मी म्हणतो, तू ऐक.” त्यांनी घाईघाईने सूर पुन्हा धरला. “काळोखातुन कोण बोलवी, कोणासाठी जावे... आली बघ. आपोआप आली.” त्यांचा आवाज उजळला, ते जोरात पुढे निघाले. “हाती वल्हें धरुनी उठला...”

आणि ते थांबले. तिला माहीत होतं, आत्ता तिकडे उपरण्याचं टोक हललं असेल.

“हाती वल्हें धरुनी उठला,” त्यांनी पुन्हा म्हटलं, हळू. मग आणखी एकदा.

व्हरांड्यातून पोरं हसत खिदळत खाली गेली. मॅडम लांब उभ्या राहून तिच्याकडे बघत होत्या, त्यांना वाटलं ती आनंदाने रडते आहे. सुनीतीने फोन कानाशी घट्ट धरला. नावाडी वल्हं घेऊन उठला होता, आणि पुढची ओळ दोघांच्याही कंठात नव्हती. फोन मात्र कोणीच ठेवला नाही.